चौथ्या कप्प्यातला पाहुणा

दिवाळी अंकात काय छापावे आणि काय छापू नये, याचे काही संकेत ठरून गेले आहेत. कथा चालते, प्रवासवर्णन चालते, राशिभविष्य तर हवेच, पण जंत? या लेखाचा विषय मी घरात सांगितला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हातातला सोऱ्या खाली ठेवला आणि विचारले, "लोक फराळ करता करता अंक वाचतात, ठाऊक आहे ना?" ठाऊक आहे. म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की हातातली करंजी आधी संपवा आणि मग पुढे वाचा. विषय पोटातला असला तरी गोष्ट राजेरजवाड्यांची आहे, अरण्याची आहे, आणि पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसे होता होता वाचलेल्या एका भव्य जनावराची आहे.

मी जनावरांचा डॉक्टर. जुने मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, त्या परळच्या आवारात शिकलो आणि नोकरीची बहुतेक वर्षे माण-खटावच्या माळावर काढली. तिकडे गायीबैलांपेक्षा मेंढ्याच जास्त पाहिल्या. पावसाळा सरत आला की एखादा धनगर मेंढी खांद्यावर टाकून दवाखान्याच्या पायरीशी उभा राहायचा. "डागदर, पानी उतरलंय बगा." पाहावे तो मेंढीच्या जबड्याखाली लिंबाएवढी मऊ सूज आलेली. डोळ्याची पापणी उलटून पाहिली तर आतले मांस कागदासारखे पांढरे. निदानाला दुसरे काही लागत नसे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला चौथा कप्पा म्हणजे आपल्या जठरासारखा, पाचकरस पाझरणारा. त्या कप्प्याच्या आतल्या कातडीला चिकटून हिमाँकस नावाचा बारीक दोऱ्यासारखा जंत रक्त पितो. मादी दिसायला मोठी देखणी. तांबडी आणि पांढरी दोरी एकमेकींत पिळावी तशी. आम्हाला पाठ असलेला हिशोब असा : एक जंत दिवसाला सुमारे ०·०५ मिलिलिटर रक्त खातो. ऐकायला काहीच नाही. पण मेंढीच्या पोटात पाच हजार जंत असले तर रोजचे पाव लिटर रक्त गेले! एवढ्याशा जनावराने ते आणायचे कोठून? आणि रक्तातले सत्त्व गेले की अंगातले पाणी जबड्याखाली साचते. धनगर ज्याला 'पाणी उतरले' म्हणतो ते हेच.

हे सगळे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण, की या जंताचा एक चुलतभाऊ मला पुढे भलत्याच ठिकाणी भेटला.

आमची कन्या नोकरीनिमित्त पोलंडात, वॉर्सा शहरी राहात असे. २०१४ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. फेब्रुवारीत पोलंडला जाणे हा शहाणपणाचा नमुना नव्हे, हे मला अनेकांनी सांगून झाले आहे. पण मला झुब्र पाहायचा होता आणि तो हिवाळ्यातच नीट दिसतो. वॉर्साहून मोटारीने तीनचार तासांवर, बेलारूसच्या सरहद्दीला लागून बियालोविएझाचे अरण्य आहे. दोन्ही देशांत मिळून सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर. ओक, हॉर्नबीम आणि स्प्रूस यांचे जुने रान. युरोपच्या सपाट मुलखात असे रान आता जवळजवळ कोठे उरलेले नाही.

झुब्र म्हणजे युरोपातला बायसन. आपल्याकडे गव्याला 'इंडियन बायसन' म्हणण्याची रीत साहेबाच्या शिकारी पुस्तकांतून आली आणि अजून गेलेली नाही. खरे म्हणजे गवा हा बायसन नव्हे. तो आपल्या गायीबैलांच्या जास्त जवळचा. २०२० च्या डिसेंबरात पुण्याच्या कोथरुडात शिरलेला आणि माणसांच्या गर्दीत धावून धावून प्राण सोडलेला तो बिचारा गवा होता. झुब्र वेगळा. छाती आणि मान केसाळ, हनुवटीला दाढी, पुढचा भाग डोंगरासारखा उंच आणि मागचा त्या मानाने सडपातळ. मोठा नर आठशे-नऊशे किलोंपर्यंत भरतो.

हे जनावर आज जिवंत आहे हाच एक चमत्कार आहे. पोलंडच्या राजांनी आणि १७९५ नंतर रशियाच्या झारांनी बियालोविएझाचे रान स्वतःच्या शिकारीसाठी राखले, म्हणून तेथे झुब्र टिकला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या रानात सातशेहून अधिक झुब्र होते. मग सैन्ये आली, उपाशी शिपाई आले, चोरटे शिकारी आले. १९१९ साली बियालोविएझातला शेवटचा रानटी झुब्र मारला गेला. कॉकेशस पर्वतातला शेवटचा १९२७ साली. रानात शून्य! जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत आणि सरदारांच्या बागांत मिळून उरले होते अवघे ५४. १९२३ मध्ये यान श्टोल्त्समान या पोलिश प्राणिशास्त्रज्ञाने पॅरिसच्या परिषदेत हाक दिली, त्याच वर्षी झुब्र वाचवण्यासाठी आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले, आणि प्रत्येक जनावराची वंशावळ पत्रिकेसारखी लिहून ठेवण्यास सुरुवात झाली. १९२९ मध्ये काही झुब्र बियालोविएझाच्या कुंपणात परत आणले गेले. १९५२ मध्ये पहिल्यांदा कुंपणाबाहेर सोडले गेले. आजचे सगळे झुब्र अवघ्या बारा पूर्वजांची संतती आहेत. बियालोविएझातल्या शाखेचे पूर्वज तर सातच. आपल्याकडे सगोत्र लग्नावरून किती वाद होतात! येथे गोत्र सोडाच, आळीसुद्धा एकच.

आता इतके करून वाचवलेल्या जनावराला माणूस उपाशी कसा ठेवील? बर्फ पडले की झुब्रांना वाळलेले गवत घालण्याची पद्धत बियालोविएझात शतकांपासून चालत आली आहे. मी पाहिली ती जागा म्हणजे रानातले एक मोकळे मैदान, एका कडेला छपराखाली रचलेले गवत, आणि पहाटेच्या धुक्यात उभे असलेले चाळीसेक झुब्र. नाकातून वाफा, दाढीला बर्फाचे मणी. आमच्या सौभाग्यवती, ज्यांना माझ्या धंद्यातल्या कोणत्याही जनावराविषयी कधी प्रेम वाटले नव्हते, त्यासुद्धा कुजबुजल्या, "अहो, हे तर नंदीच उभे राहिलेत!" आणि माझी नजर मात्र, धंद्याची सवय, खाली गेली. गवताभोवती सगळीकडे शेण. पायांनी तुडवलेले, बर्फात मिसळलेले, गवताच्या काड्यांत मिसळलेले. चाळीस जनावरे महिनोन्‌महिने एकाच जागी जेवत होती आणि जेवत होती तेथेच सगळे काही करत होती.

दुसऱ्या दिवशी कन्येच्या ओळखीने मला एका प्रयोगशाळेत जायला मिळाले. आजारी किंवा जखमी झुब्र तेथे सरकारी परवानगीने मारावे लागतात, काही अपघातात मरतात. त्यांची आतली तपासणी होते. तेथल्या बाई जंतशास्त्रातल्या जाणत्या. मी परळचे नाव सांगितले, हिमाँकसचे नाव काढले, आणि आम्हा दोघांना भाषेची फारशी गरज उरली नाही. त्यांनी चौथा कप्पा उघडला, पाण्याने धुतला, धुवण बारीक चाळणीतून गाळले, त्याचा दहावा हिस्सा काळ्या तळाच्या बशीत ओतला आणि चिमट्याने मोजू लागल्या. एक, दोन, तीन... दहावा हिस्सा मोजायचा आणि दहाने गुणायचे, ही जगभरची रीत. तासाभराने बाईंनी आकडा लिहिला तेव्हा तो हजारांत होता. दहा हजारांच्या वर जंत असलेले झुब्रही त्यांनी पाहिलेले होते.

हिमाँकसच का? नव्हे. हाच तो चुलतभाऊ. त्याचे नाव अ‍ॅशवर्थियस सिडेमी. तोही चौथ्या कप्प्यातच राहतो, तोही रक्तच पितो. पण तो युरोपचा रहिवासी नव्हे. १९३३ साली शुल्ट्स या सोव्हिएत शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले ते अतिपूर्वेकडच्या सिका हरणांवरून. सिका म्हणजे आपल्या चितळासारखे ठिपकेदार, नाजूक हरीण. जपान, चीन आणि रशियाचा पॅसिफिक किनारा हे त्याचे घर. सिडेमी हे व्लादिवोस्तोकजवळच्या एका द्वीपकल्पाचे जुने नाव आहे. येथे एक योगायोग असा आहे की तो कादंबरीत आला तर वाचक लेखकाला हसतील. १८६३ च्या पोलिश उठावात भाग घेतला म्हणून झारने मिखाल यान्कोव्स्की नावाच्या तरुणाला सैबेरियात हद्दपार केले. शिक्षा संपल्यावर हा गृहस्थ १८७९ च्या सुमारास त्याच सिडेमीवर स्थायिक झाला, आणि त्याने तेथे घोडे व सिका हरणे पाळली. हरणांची कोवळी शिंगे चिनी औषधांसाठी सोन्याच्या भावाने विकली जात. म्हणजे एक पोलिश माणूस पोलंडातून हाकलला जाऊन ज्या जागी पोहोचला, त्या जागेचे नाव मिरवणारा जंत पुढे शंभरावर वर्षांनी पोलंडच्या राष्ट्रीय जनावराच्या पोटात आला! यान्कोव्स्कीचा यात काही दोष नाही, हे मुद्दाम सांगतो. त्याची हरणे पोलंडला आली नाहीत.

आली ती दुसऱ्या वाटांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या सरदारांना आपल्या बागांत परदेशी हरणे बाळगण्याची हौस सुटली होती. कुणाकडे झुंबर असते, कुणाकडे मोर, यांच्याकडे सिका. हरणे जहाजांतून आली, आगगाडीतून आली, कुंपणे मोडून रानात गेली. त्यांच्याबरोबर त्यांचे पोटही आले, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. सिकाकडून जंत स्थानिक तांबड्या हरणांकडे गेला. हरणांना देशांच्या सीमा नसतात. पोलंडच्या दक्षिणेला बिएश्चादी डोंगरांत झुब्रांचा एक कळप आहे. तेथे १९९७ मध्ये हा जंत पहिल्यांदा झुब्राच्या पोटात सापडला. बियालोविएझात सापडला २००० मध्ये. आणि त्यानंतर काही वर्षांतच तेथला तपासलेला जवळजवळ प्रत्येक झुब्र जंतवाला निघू लागला.

हे इतक्या झपाट्याने कसे झाले? जंताची मादी अंडी घालते, ती शेणातून बाहेर पडतात. अंड्यातून अळी निघते, शेणातच थोडी वाढते, आणि मग दवाच्या ओलाव्याने गवताच्या पात्यावर चढून बसते. एखाद्या जनावराने ते पाते खाल्ले की तिचा प्रवास पुरा झाला. नाही खाल्ले तर ती वाळून किंवा उपासाने मरते. म्हणजे अळीच्या आयुष्याचा सगळा डाव एका गोष्टीवर : जेथे शेण पडले तेथेच पुन्हा कुणीतरी तोंड घालायला यावे. पांगलेल्या रानटी कळपात ते क्वचित घडते. गवताच्या छपराखाली ते रोज घडते. बर्फात अळ्या फारशा चपळ नसतात हे खरे, पण बर्फ येण्याआधीची ओली शरद आहे, वितळू लागल्यावरचा चिखल आहे. बियालोविएझात पुढे अभ्यास झाले, त्यांतही हेच दिसले, की ज्या कळपांना हिवाळ्यात जास्त दिवस चारा घातला जातो त्यांच्या पोटात जंतांचा भार जास्त. ज्या हाताने वाढले त्याच हाताने हे पाप झाले म्हणावे, तर तसेही म्हणवत नाही. १९५२ साली मूठभर झुब्र रानात सोडणाऱ्यांनी त्यांना गवत घातले नसते तर आज मोजायला झुब्रच नसते.

मग औषध का देत नाहीत? हा प्रश्न मीही बाईंना विचारला, कारण आयुष्यभर मी तेच केले आहे. मेंढी धरायची, तोंड उघडायचे, बाटली ओतायची. झुब्राचे तोंड कोण उघडणार? चाऱ्यात मिसळावे तर बलिष्ठ जनावर आधी खाते आणि दुप्पट मात्रा घेते. वासरे, ज्यांना जंतांचा त्रास सर्वांत जास्त, ती कडेला उभी राहतात. त्यांना अर्धी मात्रा मिळते, आणि अर्धी मात्रा ही पूर्ण उपाशी ठेवण्यापेक्षा वाईट. मरतात ते दुबळे जंत. उरतात ते औषध पचवणारे. मेंढ्यांच्या हिमाँकसने जगभर हेच करून दाखवले आहे. शिवाय आयव्हरमेक्टिनसारखे औषध शेणातून बाहेर पडते आणि शेणकिड्यांना मारते. शेणकिडे गेले की शेण तसेच पडून राहते. रानात एक दोरा ओढला की दुसऱ्या टोकाला काय उसवेल हे कळत नाही.

पाहुणा एका घरी सालस आणि दुसऱ्या घरी दरोडेखोर, हा प्रकार जंतांत नेहमीचा आहे. याचे सर्वांत जुने उदाहरण इटलीतले. १८६५ साली राजा व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा याच्या तूरिनजवळच्या ला मांद्रिया या शिकारीच्या बागेत अमेरिकेहून वापिती नावाची मोठी हरणे आणली गेली. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, तेथल्या बास्सी नावाच्या पशुवैद्याने बागेतल्या मेलेल्या हरणांच्या यकृतात बोटाएवढा लांब, पानासारखा चपटा कृमी पाहिला आणि त्याचे वर्णन लिहिले. त्याला आज मोठा यकृतकृमी म्हणतात. तो मूळचा अमेरिकेचा, पण जगाने पहिल्यांदा ओळखला तो इटलीत! तांबड्या हरणाच्या यकृतात तो स्वतःभोवती पातळ पिशवी करून बऱ्यापैकी शांत राहतो. गायीच्या यकृतात जाड भिंतीच्या पिशवीत कोंडला जातो आणि त्याची अंडी बाहेर पडत नाहीत. पण मेंढीच्या किंवा युरोपातल्या लहानशा रो हरणाच्या यकृतात त्याला पिशवी करता येत नाही. तो नुसता पोखरत भटकतो आणि थोडेसेच कृमी जनावराचा जीव घेतात. डॅन्यूब नदीकाठच्या रानांत तो आज मुरलेला आहे.

अमेरिकेतली गोष्ट त्याहून करुण. तेथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मेंदूवरच्या आवरणात एक केसासारखा जंत राहतो. हरणाला त्याची जाणीवही नसते. त्याच्या अळ्या लेंड्यांतून गोगलगायीत आणि गोगलगायीतून, पानाबरोबर, पुन्हा हरणात जातात. पण ते पान मूस नावाच्या प्रचंड हरणाने खाल्ले तर? मूस एकाच जागी गोल गोल फिरू लागतो, पाय ओढतो, माणसाचे भय विसरतो आणि पडतो. लोकांना हे दुखणे ठाऊक होते, कारण ठाऊक नव्हते. कॅनडातल्या रॉय अँडरसन यांनी १९६४ मध्ये हरणातल्या अळ्या मूसला देऊन ते सिद्ध केले. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९८० नंतरच्या दशकात कॅरिबू ही हरणे पुन्हा वसवण्याचा प्रयत्न झाला. तो फसला, आणि फसण्यामागे अस्वलांच्या जोडीला हा केसाएवढा जंतही होता.

या मानाने झुब्राचे दैव बरे. अ‍ॅशवर्थियसने झुब्रांचे कळप उलथून टाकले नाहीत. चौथ्या कप्प्याची कातडी सुजते, लाल होते, वासरे खंगतात, पण संख्या घटली नाही. रानातले झुब्र २००३ मध्ये सुमारे १,८०० होते, ते २०१९ मध्ये ६,२०० च्या वर गेले, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्यांना धोक्याच्या यादीत एक पायरी खाली, म्हणजे अधिक सुरक्षित, असे बसवले. तरीही बाईंचे समाधान नव्हते. "निरोगी झुब्राला दहा हजार जंत परवडतात," त्या म्हणाल्या, "पण कठोर हिवाळा आला, दुसरा रोग आला, की मग तेच दहा हजार जंत हिशोब मागतात." सावकाराचे व्याज असेच असते, सुगीत ते जाणवत नाही.

मला त्या वेळी माणचे धनगर आठवले. दिवाळी झाली की त्यांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात. आज या शेतात मेंढ्या बसवल्या, चार दिवसांनी पुढच्या. शेतकऱ्याला खत मिळते, धनगराला धान्य. आणि मेंढी आपल्याच लेंड्यांत महिनाभर तोंड घालत नाही. अळी पात्यावर वाट पाहात बसते तोवर वाडा कोसभर पुढे गेलेला असतो. मागे घरी माळ उन्हात तापून कोरडा होतो. धनगराला अळी ठाऊक नसेल, पण चालणे ठाऊक आहे. माझ्या दवाखान्यात पाणी उतरलेल्या मेंढ्या आल्या त्या बहुतेक एका जागी थांबलेल्या कळपांतल्या होत्या, असे मागे वळून पाहता वाटते. अमेरिकेतही कुंपणात पाळलेल्या बायसनांना हिमाँकसने मारल्याची उदाहरणे आहेत. ज्यांचे पूर्वज गवताळ प्रदेश तुडवत शेकडो मैल जात, त्यांना काही एकरांत कोंडले की दुसरे काय होणार?

पोलंडात आता त्याच दिशेने पावले पडत आहेत. नव्या रानांत नवे कळप वसवणे चालू आहे, म्हणजे एका ठिकाणची गर्दी कमी व्हावी. चाऱ्याची मोठी मैदाने मोडून गवत लहान लहान ढिगांनी दूरदूर ठेवावे, असेही ठरले आहे. रानाच्या कडेच्या शेतकऱ्यांशी करार केले गेले. त्यांनी आपल्या कुरणातले गवत कापून गंजी झुब्रांसाठी तेथेच सोडाव्यात आणि त्याबद्दल पैसे घ्यावेत. परतीच्या वाटेवर अशा गंजी मी पाहिल्या. बर्फाच्या पांढऱ्या पाटावर एक येथे, एक तेथे, आणि एका गंजीशी पाचसहा झुब्र, चाळीस नव्हे. मोटार हाकणाऱ्या मुलाने सांगितले की कुरण त्याच्या मामाचे आहे. करार चांगला आहे, मामा खूष आहे. मी विचारले, उन्हाळ्यात या कुरणाचे काय करतात? "गायी चारतात," तो म्हणाला. त्या भेटीला वर्ष झाले नसेल तोच, २०१५ मध्ये, पोलंडातल्या गायींच्या पोटातही अ‍ॅशवर्थियस सापडल्याचे छापून आले.